वयोमर्यादेत सवलत मिळण्याबाबत

यातलं अर्धं माझ्या नवऱ्याला माहीत आहे. मुलीला त्याहून थोडं जास्त. अख्खं कुणालाच नाही. ज्यांना ते सांगायला हवं होतं ते माझे बाबा गेल्या वर्षी गेले. म्हणून आता तुम्हाला सांगते. तुम्ही मला ओळखत नाही, तेव्हा सोपं जाईल असं वाटलं होतं — तसं काही होत नाहीये. तीनदा सुरुवात करून पुसून टाकली.

सहलीपासूनच सांगते.

सहा वर्षं झाली. आम्ही दिल्लीत मयूर विहारला राहतो. मी, संदीप, आमची मुलगी ओवी, आणि आई गेल्यानंतर आमच्याकडे राहायला आलेले बाबा. त्या वर्षी दिवाळीनंतर हवा इतकी बिघडली की ओवीची शाळा आठवडाभर बंद ठेवली होती. खिडक्या लावून घरात बसून सगळेच वैतागलो होतो. नोएडाला माझ्या ऑफिसात अनघा आणि शीतल अशा दोन मैत्रिणी — अनघा पुण्याची, शीतल मुंबईची. जेवणाच्या सुट्टीत आम्ही तिघी मराठीत बोलायचो, तेवढंच माहेर. शीतल म्हणाली, यार, डिसेंबरच्या सुट्टीत समुद्रावर जाऊ. हॉटेल नको, तंबूत राहू. पोरांना वाळूत लोळू दे.

तिन्ही घरं तयार झाली. वेंगुर्ल्याच्या पुढे एक गाव, किनाऱ्यावर सुरूची झाडं, तिथं एक कुटुंब तंबू लावून देतं आणि घरचं जेवण देतं. गोव्यापर्यंत विमान, पुढे गाडी. ठरवाठरवी माझ्याकडे आली. मी एचआरमध्ये आहे. याद्या, फोन, आठवण करून देणं ही माझी रोजचीच कामं.

घरी सांगितलं तर सगळ्यांत जास्त आनंद कुणाला झाला असेल? बाबांना. शहात्तर वर्षांचे होते. जेवता जेवता त्यांनी घास खाली ठेवला आणि म्हणाले, "मी चैत्यभूमीला चार वेळा जाऊन आलो. चारही वेळा रांग समोर आणि समुद्र पाठीमागं. वळून बघायला सवडच झाली नाही."

बाबा भंडारा जिल्ह्यातले. त्यांचे वडील दुसऱ्याच्या धानाच्या बांध्यांत, भाताच्या खाचरांत, राबले. बाबा वसतिगृहात राहून शिकले, कारकून म्हणून दिल्लीला आले आणि एका मंत्रालयातून सेक्शन ऑफिसर होऊन निवृत्त झाले. हे मी तुम्हाला तीन वाक्यांत सांगितलं. बाबा ते कुणालाही सांगायचे, आणि पाऊण तास सांगायचे. मेट्रोत शेजारी बसलेल्याला, बँकेच्या रांगेत, संजय झीलला फिरायला येणाऱ्या प्रत्येकाला. आणि शेवट ठरलेला असायचा — "अन् आज माझी पोरगी नोएडात माणसं नेमते."

ही सवय लक्षात ठेवा. माझं कारण तिथंच आहे. पण मी लगेच तिथं येऊ शकत नाही.

बाबांनी तयारी सुरू केली. वहीत 'दौरा कार्यक्रम' असं लिहून खाली रेघ मारली. टॉर्च घेतला, शिट्टी घेतली — अंधारात कुणी चुकलं तर. पटपडगंजच्या बाजारातून उन्हाची टोपी आणली, ती घरात घालून बसायचे. एके दिवशी मी ऑफिसातून आले तर बाबा बाल्कनीत चटई अंथरून आडवे झालेले. मी घाबरले. ते म्हणाले, "सराव करतोय. जमिनीवरून उठताना काही धरायचं नाही, असं ठरवलंय." आणि उठून दाखवलं. आधी कुशीवर, मग गुडघ्यावर, मग उभे. वेळ लागला, पण काही न धरता उठले. ओवीने टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या.

त्यानंतर चार-पाच दिवसांनी मी त्यांना सांगितलं की कॅम्पवाले सत्तरच्या वरच्या माणसांना घेत नाहीत.

असा काही नियम नव्हता. कॅम्पवाल्यांशी मी वयाबद्दल एक शब्दही बोलले नव्हते.

तुम्ही म्हणाल, म्हातारा माणूस, किनाऱ्यावरची थंडी, बाथरूम तंबूपासून लांब — काळजीपोटी बोलली असेल. मीही स्वतःला बरेच दिवस हेच सांगत होते. संदीपला आणि ओवीलाही मी नियमाचीच गोष्ट सांगितली. संदीप म्हणाला, मी बोलून बघतो त्यांच्याशी. मी म्हटलं, बोलले मी, ऐकत नाहीत. तो माझ्यावर विश्वास ठेवणारा माणूस आहे. विषय संपला.

बाबांचा संपला नाही. पस्तीस वर्षं सरकारी नोकरी केलेला माणूस. त्यांच्या लेखी नियम असेल तर नियमात सवलतही असणार, आणि सवलत असेल तर अर्ज असणारच. दोन दिवसांनी त्यांनी माझ्या हातात एक पाकीट दिलं. आत वळणदार अक्षरात लिहिलेला अर्ज. प्रति, माननीय व्यवस्थापक. विषय — वयोमर्यादेत सवलत मिळण्याबाबत. 'उपरोक्त विषयी विनंती करण्यात येते की, अर्जदार दररोज चार किलोमीटर चालत असून कोणाच्याही आधाराविना जमिनीवरून उठू शकतो.' खाली सोबत जोडलेले कागद: सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरांचं तब्येत ठीक असल्याचं प्रमाणपत्र, आधार कार्डाची प्रत, आणि 'सहलीत झालेल्या कोणत्याही त्रासास अर्जदार स्वतः जबाबदार राहील' असं स्वतः लिहून सही केलेलं हमीपत्र. त्या प्रमाणपत्रासाठी ते दवाखान्यात सकाळपासून दुपारपर्यंत बसले होते. एकटेच गेले होते. मला त्रास नको म्हणून.

"हे स्कॅन करून पाठव," म्हणाले. "अन् पोच मागून घे."

तिथं थांबता आलं असतं की नाही? सहज आलं असतं. बाबा, त्यांनी हो म्हटलं — एवढं एक वाक्य. त्या पाकिटाने माझी सुटकाच करून दिली होती. पुढे आठवडाभर ते माझ्या ऑफिसच्या बॅगेत होतं. डब्याच्या शेजारी. मी ते कुठेही पाठवलं नाही.

मग मी उत्तर लिहिलं.

माझं कामच ते आहे हो. ज्यांना नोकरी द्यायची नाही त्यांना कळवणं. दुखावेल इतकं स्पष्ट लिहायचं नाही आणि आशा राहील इतकं मोघमही नाही — यात माझा हात बसलेला आहे. ऑफिसातल्या माझ्या जागेवर बसून मी शुद्ध मराठीत लिहिलं, 'आपल्या अर्जाचा सहानुभूतीपूर्वक विचार करण्यात आला. तथापि, सुरक्षिततेच्या कारणास्तव सवलत देणे शक्य होत नाही, याचा खेद वाटतो. आपल्या उत्साहाचे आम्हांस कौतुक आहे.' हे शेवटचं वाक्य मी नंतर घातलं. पत्र बरं दिसावं म्हणून. प्रिंट काढली, घरी नेली, ईमेल आली म्हणून त्यांच्या हातात दिली.

बाबांनी चष्मा लावून दोनदा वाचली. म्हणाले, "भाषा चांगली आहे. माणूस शिकलेला दिसतो." मग कागदाची नीट घडी घातली. "ठीक आहे. विचार तरी केला त्यांनी."

टोपी त्यांनी ओवीला दिली.

आता कारण.

माझं आडनाव असं आहे की त्यावरून काही कळत नाही. नोएडाच्या ऑफिसात लागले तेव्हा पहिल्याच महिन्यात जेवताना शीतल कुणाबद्दल तरी म्हणाली, "कोट्यातला आहे, आणखी काय होणार." टेबलावरचे सगळे हसले. मीही हसले. एकदा हसल्यावर पुन्हा मागे कसं यायचं? मग ते रोजचंच झालं. विचारलं तर — आम्ही नागपूरकडचे. चौदा एप्रिलला सुट्टी घेतली तर — घरी कार्यक्रम आहे. मैत्रिणींना शक्यतो बाहेरच भेटायचं. कधी घरी आल्याच, तर हॉलमध्ये बुद्ध होता, आणि बुद्ध दिल्लीत सगळ्यांच्याच हॉलमध्ये असतो, शोभेचा. बाबासाहेबांचा फोटो बाबांच्या खोलीत होता. तो मी तिथं लावला होता. तुम्हाला रोज उठल्या उठल्या दिसेल, असं बाबांना सांगून. त्या खोलीचं दार पाहुणे आले की मी लोटून घ्यायचे.

आणि बाबा चार दिवस त्या लोकांबरोबर राहणार होते. शेकोटीभोवती बसणार होते. पहिल्याच संध्याकाळी त्यांनी सगळ्यांना मोठ्याने 'जय भीम' केला असता आणि आपली गोष्ट सुरू केली असती — वसतिगृह, शिष्यवृत्ती, बांध्या, आणि शेवटी मी. मी त्या गोष्टीचा शेवट होते. तो शेवट मला शीतलसमोर ऐकायचा नव्हता.

एवढंच. थंडी नाही, बाथरूम नाही. मला माझ्या बापाची लाज वाटली. ज्याच्या अर्जांवर, ज्याच्या उपाशी राहून शिकण्यावर माझं सगळं उभं आहे, त्या माणसाची — आणि त्याने काहीही चूक केलेली नसताना.

आम्ही गेलो. बाबा घरी राहिले. स्वयंपाकाच्या ताईंना मी चार दिवस दोन्ही वेळ यायला सांगितलं होतं.

विमानतळावर अनघा आली तर तिच्याबरोबर तिची आई. पुण्याहून मुलीकडे आल्या होत्या, अनघाने ऐनवेळी त्यांनाही घेतलं होतं. एक गुडघा जवळजवळ वाकत नव्हता, हातात काठी. संदीपने माझ्याकडे बघितलं. मी हळूच म्हटलं, सत्तरच्या आतल्या असतील. त्याने मान हलवली. ओवी बारा वर्षांची होती. तिने मान हलवली नाही.

कॅम्पवाल्यांनी त्या काकूंसाठी बाथरूमजवळचा तंबू दिला, आत लाकडी खाट टाकली. दुपारी पाण्याच्या कडेला प्लास्टिकची खुर्ची ठेवली. लाट यायची, काकूंचे पाय भिजवून जायची, आणि त्या लहान मुलीसारख्या ओरडायच्या. सगळे त्यांचे फोटो काढत होते. मीही काढले. समुद्र कसा होता, असं मला नंतर लोक विचारायचे. मला ती खुर्ची सोडून फारसं काही आठवत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी नाश्त्याला आंबोळ्या होत्या. तव्याशी एक म्हाताऱ्या बाई बसल्या होत्या. ओवीने कॅम्पच्या मालकांना सरळ विचारलं, "काका, तुमच्याकडे एज लिमिट किती आहे?"

"कसलं लिमिट?" ते हसले. "ही माझी आई. ब्याऐंशी वर्षांची. रोज ह्याच वाळूत हिंडते. आम्ही कोणाला नाही म्हणत नाही बाळा."

ओवीने ताटली खाली ठेवली आणि पाण्याकडे चालत गेली. मी मागून गेले. ती माझ्याकडे न बघता म्हणाली, "लेटर पण तूच लिहिलंस?"

मी हो म्हटलं.

"का?"

आणि इथं मी दुसऱ्यांदा तेच केलं. म्हटलं, आजोबांना रात्री तीन-तीनदा उठावं लागतं. अंधारात, वाळूतून, एवढ्या लांब बाथरूमला — पडले असते तर? सरळ सांगितलं असतं तर वाईट वाटलं असतं त्यांना, म्हणून नियमाचं सांगितलं. किती छान, समजूतदार कारण. तिने ओल्या वाळूत पायाने एक रेघ ओढली. मग म्हणाली, "आजोबांना सांगू नकोस. त्यांना खूप इन्सल्टिंग वाटेल."

म्हणजे माझं खोटं लपवायचं तिनेच ठरवलं. मला तिला तशी विनंतीही करावी लागली नाही.

परत आलो. बाबांनी दार उघडलं, ओवीची बॅग तिच्या हातातून घेतली. चहा त्यांनीच ठेवला. मग सोफ्यावर बसून एकेक विचारायला लागले — वाळू गरम असते का, रात्री आवाज किती येतो, तंबूला दार असतं का. ओवी सगळं सांगत होती. मग त्यांनी विचारलं, "माझ्या वयाचं होतं का गं कोणी?"

मी स्वयंपाकघराच्या दारात उभी होते. ओवीने एकदा माझ्याकडे बघितलं. मग म्हणाली, "नाही आजोबा. कुणीच नव्हतं."

"हां, मग बरोबर आहे," बाबा म्हणाले. त्यांच्या चेहऱ्यावर बरं वाटल्यासारखं काहीतरी होतं. नियम सगळ्यांना सारखा होता, एवढं त्यांना पुरलं.

आजोबांशी ती कधी खोटं बोलत नसे. गृहपाठ केला नसेल तरी येऊन सांगायची. त्या दिवशी ती खोटं बोलली. माझ्यासाठी, माझ्यासमोर. आणि मी बोलू दिलं. चहाचे कप उचलून आत नेले.

पुढच्या वर्षी नेईन, असं मी मनाशी ठरवलं होतं. नंतरची दोन वर्षं कोविडमुळे कुणीच कुठे गेलं नाही, ते तुम्हाला माहीतच आहे. तिसऱ्या वर्षी बाबांची उजवी बाजू गेली. त्यानंतर ते खोलीतून हॉलमध्ये यायचे, तेही दोघांनी धरून. समुद्राचं नाव त्यांनी पुन्हा काढलं नाही. मीही नाही काढलं.

गेल्या वर्षी बाबा गेले. पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम घरीच केला. भंतेजी आले, परित्राण पाठ झाला. त्या दिवशी बाबासाहेबांचा फोटो हॉलमध्ये होता, बुद्धाशेजारी, हार घातलेला. संदीपने लावला होता. मला विचारलं नव्हतं. अनघा आणि शीतल दोघीही आल्या. शीतलने फोटो बघितला, माझ्याकडे बघितलं, दहा मिनिटं बसली आणि मीटिंग आहे म्हणून गेली. आता ती जेवायला दुसऱ्या टेबलावर बसते. अनघा शेवटपर्यंत थांबली. पदर खोचून तिने सगळ्यांना खीर वाढली. जाताना चप्पल घालता घालता म्हणाली, "मला कधीचं माहीत होतं गं. तू बोलत नाहीस म्हणून मीही नाही बोलले." मग म्हणाली, "त्या ट्रिपला आपण काकांना न्यायला हवं होतं. आईला सोबत झाली असती."

शीतल तशी निघाली, अनघा अशी. त्या वेळी बाबा आले असते तर काय झालं असतं, ते मला आता थोडंफार माहीत आहे. एकीने टेबल बदललं असतं. मी जगले असते. पण हे माहीत नव्हतं म्हणून मी तसं वागले, असं मी म्हणणार नाही. ते माहीत असतं तरी, त्या वर्षी, मी बहुतेक तेच केलं असतं.

मागच्या महिन्यात ओवी पुण्याहून सुट्टीला आली होती. आता अठरा वर्षांची आहे, तिथं कॉलेजात शिकते. बाबांची खोली आवरायला घेतली होती. ती कपाटाशी, मी पलंगावर, मध्ये स्वेटरांचा ढीग. दुपारची वेळ, संदीप ऑफिसात. स्वेटरची घडी घालता घालता ती म्हणाली, "आई, एक विचारू? तेव्हा खरंच फक्त बाथरूमचं कारण होतं?"

तिच्या आवाजात राग नव्हता. ती कॉलेजात आपली ओळख लपवत नाही, हे मला माहीत आहे. तिच्या खोलीत बाबासाहेबांचा फोटो आहे. टेबलाच्या वर, दारातून आत येणाऱ्याला सगळ्यांत आधी दिसेल असा. तिला बहुतेक उत्तर ठाऊक होतं. तिला ते फक्त माझ्या तोंडून ऐकायचं होतं. घरात आम्ही दोघीच होतो. घाई नव्हती, शीतल नव्हती, ऐकणारं तिसरं कुणी नव्हतं.

मी म्हटलं, "हो. तेवढंच."

"अच्छा," ती म्हणाली, आणि पुढचा स्वेटर उचलला.